आखाजीला घेतलेला फोन आणि त्याचे पहिले सात दिवस

खान्देशात पुष्कळ घरांत नवा फोन येतो तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाहीतर लग्नसराईत, म्हणजे नेमका एप्रिल-मे महिन्यात. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो. चार दिवसांत तक्रारी सुरू होतात. फोन तापतो, चार्जिंग मध्येच थांबतं, नेट चालत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही. दुकानदार सर्व्हिस सेंटरचा पत्ता देऊन मोकळा होतो आणि ते सेंटर असतं जिल्ह्याच्या गावी. धडगावहून नंदुरबार किंवा चोपड्याहून जळगाव करायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

यातल्या बऱ्याच तक्रारींत फोनचा काही दोष नसतो. काही उन्हाच्या आणि विजेच्या असतात, काही एखाद्या सेटिंगच्या. थोड्याच खऱ्या निघतात, पण त्या ओळखायला वेळही थोडाच मिळतो. ऑनलाइन घेतलेला फोन बदलून मिळायची मुदत बहुधा सात दिवसांची असते. ती उलटली की वस्तू बदलून मिळत नाही, दुरुस्तच करून घ्यावी लागते. म्हणून या सात दिवसांत कोणती तक्रार कुठल्या खात्यातली, एवढं नक्की करून घ्यायचं.

सुरुवात दुकानाच्या काउंटरवरच करावी. फोन चालू झाला की डायलरवर *#०६# दाबा. स्क्रीनवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख असलेला नंबर येतो. तो पंधरा आकडी असतो, आणि दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. तेच नंबर खोक्यावर आणि बिलावर आहेत का ते ताडून बघा. बिलावर नंबर नसेल तर तिथेच लिहून घ्या, कारण वॉरंटी त्या नंबरावर चालते. फोन सेकंडहँड असेल, किंवा ‘सील उघडलंय पण माल नवाच आहे’ असं कोणी सांगत असेल, तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ या नंबरवर पाठवा. हा दूरसंचार विभागाचा नंबर आहे. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. हँडसेट काळ्या यादीत आहे किंवा नंबर दुसरीकडे वापरात आहे असं आलं, तर किंमत कितीही कमी असो, तो फोन घेऊ नका.

‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, मगच चालू करा’ हा सल्ला अजून दिला जातो. तो जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांसाठी होता. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही. खोक्यातून काढला, चालू केला, वाटलं तेव्हा चार्जिंगला लावला, एवढं पुरे. पहिले दोन-तीन दिवस मात्र बॅटरी लवकर उतरते आणि फोन कोमट राहतो, हे खरं आहे. आत तेव्हा पुष्कळ काम चाललेलं असतं. सगळी अ‍ॅप नव्या आवृत्तीवर जातात, जुने फोटो उतरतात, त्यांची चेहऱ्यांनुसार वर्गवारी होते, सिस्टीमचा अपडेट येतो. त्यामुळे बॅटरी किती टिकते याचा निवाडा चौथ्या दिवसानंतर करावा.

ऊन

फोनच्या कंपन्या वापरासाठी जी तापमानाची मर्यादा सांगतात, ती बहुधा ३५ अंशांपर्यंतची असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त असतात. म्हणजे फोन खिशात नुसता पडलेला असला तरी मर्यादेबाहेरच असतो. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा बॅटरी बनवणाऱ्यांचाच दंडक आहे. ४४ अंशांची हवा, त्यात चार्जिंगची आणि स्क्रीनची स्वतःची उष्णता. दुपारी दोनला चार्जिंगला लावलेला फोन ती रेघ सहज ओलांडतो. मग आतलं सर्किट चार्जिंग मंद करतं किंवा थांबवतं. स्क्रीन आपोआप अंधुक होते, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडतो, गेम अडखळतो, ५जी जाऊन ४जी येतं. हे सगळं फोन स्वतःला वाचवण्यासाठी करत असतो. दुकानात एसीखाली त्याच फोनमध्ये काही दोष सापडत नाही, याचं कारण हेच.

खात्री करायची असेल तर पहाटे पाच-साडेपाचला, हवा गार असताना, तोच फोन त्याच चार्जरवर लावून बघा. तेव्हा नीट चार्ज झाला तर गुन्हेगार ऊन. तेव्हाही दहा-पंधरा टक्क्यांवर अडखळला तर पुढचा संशय केबलवर, मग चार्जरवर आणि सगळ्यात शेवटी फोनवर घ्या.

उष्णतेचं खरं नुकसान मात्र लगेच दिसत नाही. बॅटरीच्या आत तिला म्हातारं करणाऱ्या रासायनिक क्रिया सतत चालू असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. त्यातही पूर्ण भरलेली बॅटरी तापणं सगळ्यात वाईट. नव्या फोनमध्ये ‘बॅटरी संरक्षण’ किंवा ‘चार्जिंग मर्यादा’ अशा नावाची सोय बहुधा असते, ती उन्हाळ्यापुरती ८० टक्क्यांवर लावून ठेवा. फोन सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा चार्ज करा. गच्चीवर, घराच्या मातीच्या धाब्यावर झोपायला जाताना चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. गोधडीखाली उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून, नकाशा चालू ठेवून, वर यूएसबीवर चार्जिंग करत भर दुपारी जळगाव-धुळे रस्ता धरायचा, हा फोन तापवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय. ऊन वरून, चार्जिंग आतून, आणि जीपीएस व नेट दोन्ही सतत चालू. शिवाय इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली हालणारी भिंग-जोडणी बिघडू शकते. ज्या फोनच्या कॅमेऱ्याला ओआयएस म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, त्यांना हा धोका जास्त. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच तशी सूचना काढली होती. ट्रॅक्टरचा बॉनेट, गाडीचा डॅशबोर्ड आणि पत्र्याच्या शेडमधली खिडकी या जागाही त्याच माळेतल्या.

तापलेला फोन गार कसा करायचा? काम बंद करा, चार्जर काढा, मागचं कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. फ्रिजमध्ये, ओल्या फडक्यात किंवा माठाला टेकवून ठेवू नका. (माठाचा उपाय करणारे लोक आहेत.) एकदम गार केल्यावर आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन सर्किटवर बसते, आणि मग वॉरंटीवाला ‘पाणी गेलंय’ म्हणून हात वर करतो. कूलरचंही तसंच. कूलरची हवा गार असते पण ओलीही असते, आणि गवताच्या जाळीतून बारीक तुषार येतात. फोन चार्जिंगला लावून कूलरच्या तोंडासमोर ठेवला की टाइप-सीच्या खाचेत ओल जाते आणि ‘पोर्टमध्ये ओलावा आहे’ अशी सूचना येते. ती आली तर केबल काढा, फोन खाच खाली करून हलकेच झटका आणि कोरड्या हवेत अर्धा तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने फायदा होत नाही, उलट पीठ आणि कण आत जातात.

फोनची पाठ किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. असा फोन दाबून बसवायचा नाही, चार्ज करायचा नाही आणि टोचून तर बघायचंच नाही. बंद करा आणि तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.

वावरातली वीज

पुष्कळ फोन घरी नाही, वावरात पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर चार्ज होतात. तिथे थ्री फेज येते. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा पेटीत न्यूट्रल सैल झाला, गंजला किंवा तुटला, की सिंगल फेजवर जोडलेल्या वस्तूला २३० ऐवजी काहीही मिळू शकतं, अगदी ३५०-४०० सुद्धा. चार्जरवर बारीक अक्षरात ‘१००-२४०’ असं लिहिलेलं असतं. तेवढाच व्होल्टेज तो झेलतो. चांगला चार्जर अशा वेळी स्वतः जळतो आणि फोनला वाचवतो. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या चार्जरमध्ये आतलं विलगीकरण, म्हणजे मुख्य वीज फोनकडे जाऊ न देणारी आड, भरवशाचं नसतं, त्यामुळे तो जाताना फोनलाही घेऊन जाऊ शकतो. पेटीजवळचा बल्ब मध्येच भगभगत असेल तर तिथे फोन लावू नका. न्यूट्रल सैल असल्याची हीच खूण आहे.

चार्जर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा आहे का ते बघायला त्याच्यावर मानकचिन्ह आणि आर अक्षरापासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. वावरासाठी त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पॉवर बँक घरून भरून न्यावी. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं वाटतं, पण भरतो दीड वेळा. पॉवर बँकेतला आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. तो ५ व्होल्टवर चढवताना आणि फोनच्या बॅटरीत उतरवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. यात कोणी फसवलेलं नसतं.

नवा फोन ‘फास्ट चार्ज होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा केबलमध्ये असतं. कंपनीचं खास जलद चार्जिंग बहुधा तिच्याच चार्जर आणि केबलच्या जोडीने चालतं. दुसरी केबल लावली की फोन मुकाट्याने साध्या वेगावर येतो. शिवाय वेग सगळा वेळ सारखा नसतो. पहिले पन्नास टक्के झपाट्याने, ८० नंतर रडतखडत. हे मुद्दाम ठेवलेलं असतं, बॅटरी भरत आली की तिला हळूच भरावी लागते.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप वेडीवाकडी चालत असेल, एका जागी बोट लावलं तर दुसरीकडे उमटत असेल, आणि केबल काढताच ठीक होत असेल, तर दोष चार्जरचा. हलक्या चार्जरमधली विजेची खळबळ फोनपर्यंत पोचते आणि स्क्रीन तिलाच बोट समजते. इन्व्हर्टरवर लावल्यावरच असं होत असेल तर इन्व्हर्टरकडे बघा. चार्जर नसतानाही असंच होत असेल तर मात्र स्क्रीन खराब आहे आणि तो फोन सात दिवसांत परत द्या.

सिम, रेंज आणि सीमेवरची गावं

जुनं मोठं सिम कात्रीने कापून नव्या फोनच्या खाचेत बसवू नका. कडा ओबडधोबड राहते, ट्रे अडकतो आणि आतल्या पिना वाकतात. कंपनीकडून नवं नॅनो सिम घ्या. मात्र ते घेताना तारीख बघून घ्या. सिम बदललं की त्या नंबरवरची एसएमएसची सोय २४ तास बंद राहते. कोणी दुसऱ्यानेच सिम काढून बँक रिकामी करू नये म्हणून हा नियम आहे. त्या दिवसात ओटीपी येणार नाही, म्हणून खत-बियाण्याचे पैसे द्यायच्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका.

यूपीआयही याच्याशी बांधलेलं आहे. नव्या फोनमध्ये यूपीआयचं अ‍ॅप नोंदवताना ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस स्वतः पाठवतं आणि बँक त्यावरून नंबर ओळखते. रिचार्ज संपलेला असेल, एसएमएस जात नसेल, किंवा दोन सिमपैकी भलत्यावरून जात असेल, तर नोंदणी अडते आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येत राहतं. बँकेत असलेला नंबर कोणत्या खाचेत आहे ते बघा, एसएमएससाठी तेच सिम ठरवा आणि वाय-फाय बंद करून नोंदणी करा. फोन बदलल्यावर पहिले २४ तास बहुतेक बँका ₹५,००० च्या वर पाठवू देत नाहीत. आयफोनवर ही मुदत ७२ तासांपर्यंत असू शकते. पैसे अडकले म्हणून घाबरू नका आणि पिन पुन्हा पुन्हा चुकवू नका.

आता सीमेवरची गोष्ट. रावेर-यावलच्या उत्तरेला मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर लागतं, शिरपूरच्या वर त्याच राज्यातलं सेंधवा, अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरात. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत आहे. अशा ठिकाणी फोनला शेजारच्या राज्याचा टॉवर जास्त जोरात ऐकू येतो आणि तो त्याला जाऊन चिकटतो. रेंजच्या दांड्यांजवळ आर हे इंग्रजी अक्षर दिसतं. देशातल्या देशात रोमिंगला वेगळे पैसे लागत नाहीत, पण नव्या फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बहुधा बंद असतं. म्हणून फोन लागतो, नेट लागत नाही, आणि दोष फोनला दिला जातो. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा आणि त्या सिमचं डेटा रोमिंग चालू करा. परदेशी जाणार असाल तरच ते पुन्हा बंद करायची आठवण ठेवा.

सातपुड्यातल्या पाड्यांवर, जिथे बीएसएनएलशिवाय दुसरा टॉवर नाही, तिथे फोन घेण्याआधीच एक गोष्ट बघावी लागते. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. फोनच्या माहितीत त्यांना ४जीचे बँड २८ आणि बँड १ म्हणतात. ७०० ची लाट लांब जाते, डोंगराच्या आडोशालाही बऱ्यापैकी पोचते. जिथे टॉवर फक्त ७०० वर आहे तिथे फोनमध्ये बँड २८ नसेल तर टॉवर समोर दिसत असूनही ४जी येणार नाही, आणि कोणतंही सेटिंग बदलून ते आणता येणार नाही. सिम २जी-३जीच्या काळातलं असेल तर तेही बदलावं लागतं.

फोनवर बोलणं सुरू झालं की नेट बंद पडतं? त्या सिमचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद आहे. ते नसलं की कॉलसाठी फोन ४जी सोडून २जीवर उतरतो. जिओला तर २जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसेल तर कॉलच लागत नाही. हे बटण प्रत्येक सिमसाठी वेगळं असतं. एक चालू करून दुसरं तसंच राहिलेलं पुष्कळदा दिसतं.

जिथे ५जी येतं-जातं तिथे फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. गावात ५जी धड नसेल तर पसंतीचं नेटवर्क ४जीवर ठेवा, बॅटरीत फरक दिसेल. जाड मातीच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर रेंज अडवतात. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, घराच्या आत बोलण्यापुरता प्रश्न सुटतो.

पीक पाहणी करताना फोन दुसऱ्याच वावरात का दाखवतो

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने फोनवरून आपल्या पिकाची नोंद करणं, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली आणि तेव्हापासून शेतकऱ्याच्या फोनचा जीपीएस हा कागदपत्राचाच भाग झाला. नव्या फोनवर इथे हमखास घोळ होतो, आणि त्याची कारणं दोन-तीनच आहेत.

पहिलं, परवानगी. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपने स्थान मागितलं की दोन चित्रं समोर येतात, ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’. घाईत ‘अंदाजे’ दाबलं गेलं की फोन अ‍ॅपला साधारण तीन चौरस किलोमीटरच्या घेरातली कुठलीही जागा सांगतो. मग तुम्ही बांधावर उभे आणि अ‍ॅपच्या मते गावठाणात. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, परवानग्या, स्थान असं जाऊन ‘अचूक स्थान वापरा’ चालू करा.

दुसरं, पहिली पकड. उपग्रह कुठे आहेत याचं वेळापत्रक फोन नेटवरून पटकन उतरवतो. वावरात नेट नसेल तर तेच उपग्रहाकडून घ्यावं लागतं आणि तो ते फार सावकाश पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण अर्धा मिनिट लागतं, आणि जीपीएसचं सगळं वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. म्हणून नवा फोन पहिल्यांदा वावरात नेण्याआधी घरी, नेट चालू असताना, अंगणात मोकळ्या आभाळाखाली नकाशा उघडून पाच मिनिटं ठेवा. कक्षेची माहिती चारेक तास कामाची राहते, तेवढ्यात वावर गाठा.

तिसरं, वरचं झाकण. वाढलेल्या केळीच्या बागेत पानं डोक्यावर छत धरतात. त्या पानांत पाणी भरपूर, आणि उपग्रहाचा क्षीण संदेश पाण्यातून जाताना आणखी क्षीण होतो. आपल्याच गट नंबरातल्या मोकळ्या कडेला उभं राहा आणि एखादा मिनिट हलू नका. मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतो, बागेत आत तेवढी अपेक्षा नको. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा, काही फोन त्यात जीपीएसला आराम देतात. नकाशावर बाण उलट्या दिशेला असेल तर तो होकायंत्राचा प्रश्न आहे, जागेचा नाही. कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवा.

जुन्यातून नव्यात

व्हॉट्सअ‍ॅप हलवताना क्रम चुकतो. आधी जुना फोन पुसून मुलाला देऊन टाकतात, मग गप्पा शोधतात. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर जुन्यावर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स उघडा आणि नव्यावर दिसणारा क्यूआर स्कॅन करा. दोन्ही फोन जवळ ठेवा आणि वाय-फाय चालू असू द्या. माहिती सरळ एका फोनमधून दुसऱ्यात जाते, रोजचा डेटा पॅक संपत नाही. गूगलवरच्या बॅकअपचा रस्ताही आहे, पण तिथली फुकट जागा १५ जीबी आणि ती जीमेल, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांना मिळून. ती भरलेली असेल तर बॅकअप महिन्यांपूर्वीच थांबलेला असतो आणि कोणी बघितलेलं नसतं. नंबर सिममध्ये साठवलेले असतील तर ते गूगल खात्यात हलवा.

नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप उघडेपर्यंत येतच नाही, ही तक्रार घरोघरी आहे. फोन बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप झोपवतो. त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनिर्बंध’ करा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. नेट चालू असून काहीच उघडत नसेल तर फोनची तारीख-वेळ बघा. ती चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही.

कीबोर्डचं एक गाऱ्हाणं मात्र सुटण्यासारखं नाही. मराठी निवडली की कीबोर्ड पुण्याची मराठी गृहीत धरतो. अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोया, शाया, केयी. हे लिहिलं की तो दुरुस्त करायला धावतो. आपोआप दुरुस्ती बंद करा आणि नेहमीचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घाला. बोलून लिहायच्या सोयीपुढे अहिराणी बोलाल तर काय उमटेल ते विनोदापुरतं ठीक.

रुई, चीक आणि धूळ

कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या हंगामात टाइप-सीच्या खाचेत रुईचे तंतू जातात. दर वेळी केबल लावताना ते आत दाबले जाऊन तळाशी नमद्यासारखा थर बसतो. मग केबल ढिली बसते, पडते, एका कोनातच चार्ज होते. खाच खराब झाली असं वाटतं आणि दुरुस्तीवाला ती बदलूनही देतो. आधी फोन बंद करून टॉर्चने आत बघा. लाकडी दातकोरणीने, मधल्या जिभेला न लावता, कडेने तंतू ओढून काढा. सुई, पिन वापरू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल जाते. जिनिंगमधल्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, तिने माइकचा पडदा फाटतो. खाचेशेजारचं बारीक भोक माइकचं असतं. सिम काढायची पिन तिथे घुसवून आवाज घालवलेले नवे फोन कमी नाहीत.

केळीचा चीक बोटाला लागलेला असेल तर ठशाने फोन उघडत नाही. कष्टाच्या हातांच्या बोटांवरच्या रेषाही झिजलेल्या असतात. टेम्पर्ड ग्लास बसवून झाल्यावरच ठसा नोंदवा, आणि तोच अंगठा दोन वेगळ्या नोंदींत, एकदा सरळ आणि एकदा कडेने. जाड ग्लासमुळे स्क्रीनखालचा ठशाचा सेन्सर चुकतो. कानाजवळचा सेन्सर झाकला गेला तर कॉल सुरू होताच स्क्रीन काळी होते आणि परत येत नाही. ग्लास काढून बघा, फोन ठीक झाला तर दोष तीस रुपयांच्या काचेचा.

फवारणीच्या वेळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फोनवर आयपी-६८ (पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, औषधाच्या पाण्यातली नाही, आणि पाणी गेल्यास वॉरंटी बहुतेक कंपन्या देत नाहीत.

नव्या फोनवर पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात कोणीतरी ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल टाकतं. सरकार एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही आणि पत्रिकेला अ‍ॅप लागत नाही. ती फाइल बसवून एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. बसवली गेलीच तर आधी विमान मोड लावा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला कळवा. फाइल काढून टाकल्यावर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा.

खरा दोष असेल तर

पहाटेच्या गारव्यात, दुसऱ्या चार्जरवर, दुसरं सिम घालून आणि सगळे अपडेट घेऊन झाल्यावरही त्रास राहिला, तर सेफ मोड लावा. बहुतेक फोनवर पॉवर बटण दाबून येणाऱ्या यादीत ‘बंद करा’वर बोट दाबून धरलं की तो येतो. त्यात तुम्ही बसवलेली अ‍ॅप झोपलेली असतात. तिथे फोन नीट चालला तर एखादं अ‍ॅप दोषी, शेवटी बसवलेल्यापासून काढत या. तिथेही तेच, तर फोनच सदोष.

सॅमसंगवर *#०*# आणि रेडमीवर *#*#६४८४#*#* दाबलं की कंपनीचीच तपासणी उघडते. रंग, स्पर्श, स्पीकर, सेन्सर एकेक करून बघता येतात. पांढऱ्या पडद्यावर हिरवी रेघ किंवा काळा ठिपका, स्पर्शाला न येणारी पट्टी, फाटका आवाज यांचे व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. सेंटरवर गेल्यावर नेमका तेव्हा फोन नीट वागतो.

फोन दुरुस्तीला देताना स्क्रीनचा पिन कोणाला लिहून देऊ नका. माहिती हलवून झाली असेल तर आधी गूगल खातं काढा आणि मगच फोन पुसा. खातं न काढता पुसला तर तो चालू होताना तेच खातं मागू शकतो आणि तिथेच अडतो. जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या पावतीवर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘चेक करणे’ एवढंच नको. आतला मुख्य बोर्ड बदलला तर आयएमईआयही बदलू शकतो. तसं झालं तर नवा नंबर जॉबशीटवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या आणि ती बिलाला टाचून ठेवा.